नळ्या बंद आहेत म्हणून सांगितलं

७ जाने., मंगळवार

पाळीचा दुसरा दिवस, म्हणून आजचीच वेळ दिली होती. लग्नाला सहा वर्षं झाली तेव्हा कुठे आम्ही दोघं मिळून एका दवाखान्यात गेलो. आजवर मी एकटीच जायचे, कोणी जो डॉक्टर सांगेल त्याच्याकडे. अमोलने कंपनीतून हाफ डे घेतला. (यापुढे नुसतं अ. लिहिणार. नवऱ्याचं नाव सारखं लिहायचा कंटाळा येतो.)

चार पानी फॉर्म. 'आठवड्यातून किती वेळा' या प्रश्नाला अ.ने पेन माझ्याकडे सरकवलं. मी 'दोनदा' लिहिलं. त्याने वाचलं आणि पान उलटलं. खरं तर गेलं वर्षभर मोबाइलमधलं ॲप सांगतं त्याच दिवशी, तेही हजेरी लावल्यासारखं.

डॉ. मॅडम माझ्याच वयाच्या असतील. आधी दोघांना एकत्र बसवलं, मग एकेकट्याला आत. मला विचारलं, आधी कधी दिवस गेले होते का, लग्नाआधी असलं तरी सांगा, मिस्टरांना कळणार नाही. म्हणजे अ.लाही असलंच काहीतरी विचारलं असणार. बाहेर आला तेव्हा कान लाल होते. "काय विचारलं?" तर म्हणे, "तेच, तुला विचारलं तेच."

मॅडम म्हणाल्या, बाईचं सगळं झालं की मग नवऱ्याचं, असं मी करत नाही, दोघांची तपासणी एकदमच. अ. 'हो मॅडम, हो मॅडम' करत होता. कंपनीत दिवसभर दुसऱ्यांचे पार्ट तपासून रिजेक्ट करतो. आज त्याची बारी.

१३ जाने., सोमवार

ऑफिसात (यापुढे ऑ.) मान दुखते सांगून रजा टाकली. पिशवीत औषध सोडून नळ्यांचा एक्स-रे. सिस्टर म्हणाली, पाळीत दुखतं ना, तेवढंच. खोटारडी मेली. टेबलाची कड धरून तेराचा पाढा म्हणत होते. तेरा सत्ते एक्क्याण्णवला संपलं.

दोन्ही नळ्या मोकळ्या. स्क्रीनवर औषध दोन्ही बाजूंनी बाहेर पडताना मी स्वतः पाहिलं. मॅडम म्हणाल्या, "छान आहे सगळं." तिथेच आडवी पडून रडले. सहा वर्षांत माझ्या पोटाला कुणी छान म्हटलं नव्हतं.

घरी मम्मींनी (सासूबाईंना मी मम्मीच म्हणते) न मागता गरम पाण्याची पिशवी आणून दिली. "काय निघालं गं?" म्हटलं, शनिवारी दोघांचं एकदमच सांगणार आहेत.

१७ जाने., शुक्रवार

अ.चं सॅम्पल. काल दवाखान्यातल्या खोलीत पाऊण तास बसून रिकामी डबी घेऊन बाहेर आला होता. बाहेर बाकावर सहा नवरे रांगेत, कोण काय करणार बिचारा. मग मॅडमनी घरून आणायची परवानगी दिली. तासाच्या आत पोचवायचं, आणि अंगाशी धरून, गार होऊ द्यायचं नाही.

तर आज सकाळी मम्मी भाजीला गेल्या आणि आमचं ऑपरेशन सुरू झालं. डबी ब्लाउजमध्ये ठेवून मी स्कूटरवर मागे. आमच्या उपनगर भागातून गंगापूर रोड, म्हणजे नाशिकचं दुसरं टोक. द्वारका चौकात एक कंटेनर आडवा, सगळं ठप्प. मी छातीशी हात धरून घड्याळ बघतेय. शेजारच्या रिक्षातल्या बाईने विचारलं, "ताई, दुखतंय का? दवाखान्यात नेऊ का?" अ.ला हसू आवरेना. मलाही. किती महिन्यांनी दोघं असे हसलो असू. बावन्नाव्या मिनिटाला पोचवलं.

१८ जाने., शनिवार

शून्य.

कमी वगैरे नाही. संख्येच्या रकान्यात शून्य. मी लगेच द्वारकेचं सांगायला लागले, कंटेनर होता, बावीस मिनिटं गेली. मॅडमनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, उशीर झाला तर हालचाल कमी होते, आकडा शून्य होत नाही. तीन आठवड्यांनी परत तपासू, सोबत रक्तही. एका रिपोर्टवर काही ठरवायचं नाही.

अ. खुर्चीत नुसता बसला होता. त्याच्याकडे बघवेना.

आता पुढचं लिहायचंय. दार मम्मींनी उघडलं. "काय म्हणाले डॉक्टर?" अ. चपला काढायला वाकला तो वर बघेचना. आणि मी म्हणून टाकलं, "माझ्या नळ्या बंद आहेत." सोमवारचा एक्स-रे तोंडावर होता, तोच आला. मम्मी मट्कन बसल्या. मग उठून माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

 आत आल्यावर अ. माझा हात धरून म्हणाला, "दुसरा रिपोर्ट येईपर्यंत सांभाळ. प्लीज." म्हटलं, सांभाळते. तीन आठवड्यांचा प्रश्न.

२२ जाने., बुधवार

मम्मी फार चांगल्या वागतायत. हेच सहन होत नाही. वाईट बोलल्या असत्या तर मी चार शब्द ऐकवले असते. सकाळी डबा भरलेला, संध्याकाळी चहा तयार. शेजारच्या काकूंना गॅलरीतून सांगत होत्या, "सुनेच्या नळ्यांचा प्रॉब्लेम आहे हो, पोरीचा काय दोष त्यात."

अ. जेवला, मोबाइल बघितला, झोपला. त्याला गाढ झोप लागते हे मला आज पहिल्यांदा खटकलं.

ऑ.त (भूमी अभिलेखात नोकरी करून हेच नशिबी) दिवसभर वारस नोंदी. एका म्हाताऱ्याला नऊ वारस, नऊही काउंटरवर येऊन भांडले. साहेब म्हणाले, बिनवारशी बरा. मग माझ्याकडे बघून फाइल चाळायला लागले.

३० जाने., गुरुवार

जे व्हायचं तेच झालं. मम्मींनी विंचूरला फोन करून माझ्या आईला सांगितलं. विहीणबाईंचं मन हलकं करावं म्हणून. आईचा मला फोन आला. म्हणाली, "रविवारी ये. एकटी ये."

अ.ला सांगितलं. "दुसरा रिपोर्ट येऊ दे ना, आठच दिवस." म्हटलं, ठीक आहे, आठ दिवस.

२ फेब्रु., रविवार

विंचूर. गावात शिरल्यापासून कांद्याचा वास, ट्रॅक्टरच्या रांगा. आई विहारातून नुकतीच आली होती, पांढऱ्या साडीतच. रविवारी तिथे ती पोरांना वंदना शिकवते, बावीस प्रतिज्ञा पाठ करून घेते. तिचा तो कडक आवाज मला अजून पाठ आहे.

आज आवाज नव्हता. चहा केला, साखर विसरली. मग खाली बघून बोलायला लागली.

"तुला न्हाण आलं त्या वर्षी तुजे वडील गेले. मी तुला कांद्याच्या शेडला नेलं. तेरा वर्षांची पोर, पोटात कळा यायच्या तुला, आन मी म्हनायचे, उचल पाटी, मुकादम बघतोय. दोन हंगाम उचलल्यास तू. मीच तुजं पोट खराब केलं गं."

मी म्हटलं, आई, तसं काही नसतं. पाटी उचलून नळ्या बंद होत नाहीत. "डाक्टरला काय म्हाईत तू काय उचललंस." आणि रडायला लागली. वडील गेले तेव्हासुद्धा मी तिला असं रडताना पाहिलं नव्हतं, तेव्हा तिला वेळच नव्हता.

तोंडावर आलं होतं, आई, खोटं आहे ते, माझं सगळं चांगलं आहे. अ.ला शब्द दिलेला. गिळलं. बसमध्ये नाशिक येईपर्यंत स्वतःला शिव्या घालत आले.

८ फेब्रु., शनिवार

दुसरा रिपोर्ट. परत शून्य. रक्तातलं एक हार्मोन खूप वाढलेलं. मॅडमनी कागदावर चित्र काढून समजावलं. वाट बंद असती तर सोपं होतं, इथे कारखान्यातच माल तयार होत नाहीये बहुतेक. सुईने, गरज पडली तर छोटं ऑपरेशन करून आत थोडेफार सापडतात का बघता येईल. सापडतीलच असं नाही. नाहीतर दात्याचं बीज. घाई करू नका, दोघं बोला.

मग विचारलं, "वयात आल्यावर कधी गालगुंड झालं होतं?" अ. म्हणाला, "नाही."

मी वळून बघितलं त्याच्याकडे. कारण झालं होतं. आमच्या घरातला तो लाडका किस्सा आहे, मी वीस वेळा ऐकलाय. दहावीच्या परीक्षेत अमोलला गालगुंड, दोन्ही गाल टम्म, ताप, आणि मम्मींनी गाल फडक्याने बांधून त्याला पेपरला बसवलं. फर्स्ट क्लास आला. त्या मार्कांवर आयटीआय, त्यावर ही नोकरी. "मी त्या दिवशी मऊ पडले असते तर आज हा कुठे असता," हे मम्मींचं शेवटचं वाक्य.

पार्किंगमध्ये सांगितलं त्याने. तेव्हा खालीही सुजलं होतं. बाकावर बसवत नव्हतं. लाजेने कुणाला सांगितलं नाही. एकदा मम्मींना म्हणाला, मला डॉक्टरकडे ने, तर त्या म्हणाल्या, उद्या भूमिती झाली की नेते. भूमिती झाली तोवर सूज उतरली होती, मग राहूनच गेलं.

म्हणजे याला माहीत होतं? "माहीत नव्हतं. शंका होती." किती वर्षं? "लग्नाआधीपासून."

हेल्मेट घालून मागे बसले. हेल्मेटमध्ये रडता येतं, कुणाला दिसत नाही.

९ फेब्रु., रविवार

आठ दिवस संपले. म्हटलं, आता मम्मींना सांग. अ. म्हणाला, "काय सांगू? तू माझा फर्स्ट क्लास काढलास आणि वंश बुडवलास, असं? बाबा गेल्यावर तिच्याकडे अभिमानाने सांगायला तेवढंच आहे."

"मग माझ्या आईचं काय?"   मला राग येतो तेव्हा त्याचा तो सोळा वर्षांचा सुजलेला चेहरा डोळ्यांसमोर येतो आणि राग टिकत नाही. मग आईचा आठवतो, आणि परत येतो.

१६ फेब्रु., रविवार

अ.चा मामेभाऊ मुलाच्या दहावीचे पेढे नव्हे, दहावीचं टेन्शन घेऊन आला होता. मम्मींनी किस्सा काढलाच. गाल कसे बांधले ते स्वतःच्या पदराने करून दाखवलं. सगळे हसले. अ.ही हसला. मी भांडी घासायला उठले, भांडी आधीच घासलेली होती.

२५ फेब्रु., मंगळवार



आई डोळे तपासायला नाशिकला आली, म्हणून दुपारी ऑ.त भेटायला आली. डबा खात होतो. भाकरी मोडताना बांगड्या मागे सरकल्या आणि मनगटावर काळा दोरा. मधे गाठ, गाठीत कसली तरी पुडी.

माझी आई. शेजारच्या सुनेच्या हातातला गंडा जिने कात्रीने कापून चुलीत टाकला होता. मी सातवीत मैत्रिणीकडून दोरा बांधून आले तर जिने माझ्याशी दोन दिवस बोलणं टाकलं होतं. गंडेदोरे करणार नाही, हे जिने अख्ख्या वस्तीकडून वदवून घेतलं.

"हे काय आई?" पदराने झाकलं. मग हळूच, "घोटीच्या पल्याड एक भगत हाय. पाच शनवार जायाचं. तीन झाले. कुणाला सांगू नको. विहारात कळलं तर मला तोंड दाखवाया जागा नाय."

तीन शनिवार ती विंचूरहून बसने नाशिकला आली, स्टँडवर गाडी बदलून घोटीला गेली, तशीच परत गेली. माझ्या घरापासून वीस मिनिटांवरून. मला भेटली नाही, दोरा मला दिसेल म्हणून.

ती गेल्यावर रेकॉर्ड रूममध्ये जाऊन दार लावून घेतलं. एका वाक्यात मी माझ्या आईचं काय करून ठेवलं.

२ मार्च, रविवार

अ.ला न विचारता विंचूरला गेले, फाइल घेऊन. आईला सगळं सांगितलं. माझ्या नळ्या मोकळ्या आहेत, पाट्यांचा काही संबंध नाही, दोष त्याच्यात आहे, मी खोटं बोलले होते. एका दमात.

आई ऐकत होती. मग माझ्या गालावर हात ठेवून म्हणाली, "मला बरं वाटावं म्हनून नवऱ्याला उनं आनू नको, बाय."

फाइल उघडली. हा बघ माझा एक्स-रे, हा त्याचा रिपोर्ट, हे बघ शून्य. "शून्य मलाबी वाचता येतं. बाकी समदं इंग्रजीत हाय. कुनाचा कागद कुनाचा कसं कळावं." नाव दाखवलं. "हां," म्हणाली, जशी लहानपणी मला म्हणायची, ऐकून न ऐकल्यासारखं.

चौथा शनिवार कालच झाला.

आधी खोटं सांगितलं ते एका क्षणात खरं वाटलं. आता खरं सांगतेय तर मी चांगली मुलगी ठरतेय.

४ मार्च, मंगळवार

भांडण. मम्मी विहारात मीटिंगला गेल्या होत्या म्हणून मोठ्याने भांडता आलं. दोऱ्याचं सांगितलं. अ. म्हणाला, "मी तुला खोटं बोलायला सांगितलं नव्हतं."

खरंय. नव्हतं सांगितलं. म्हणून जास्त लागलं. म्हटलं, "तू चपला काढत होतास. तेवढा वेळ मी तुला दिला. तू दीड महिना चपलाच काढतोयस."

"तुझ्या आईला वाचवायला माझी आई रोज थोडी थोडी मरतेय अमोल." मी त्याला नावाने हाक मारली की त्याला कळतं.

खिडकीशी जाऊन उभा राहिला. म्हणाला, रविवारी विंचूरला जाऊ. मी सांगतो त्यांना. माझ्या तोंडून ऐकलं की पटेल. मम्मीचं मात्र आत्ता नको.

म्हटलं, बरं. निदान एक तरी.

६ मार्च, गुरुवार

मॅडमचा फोन. ऑपरेशनने शोधायचं ठरलं का? या महिन्यात की पुढच्या? म्हटलं, कळवते. त्या म्हणाल्या, "घरच्यांना सांगितलंय ना? नंतर आठवडाभर त्यांना आराम लागेल, घरात माणूस लागेल." सांगितलंय म्हणून टाकलं. आता खोटं बोलायला मला विचारही करावा लागत नाही.

मूल हवंय. हे मी कधी सरळ लिहिलंच नाही. हवंय. याचं हवं होतं, याच्यासारखे लाल होणारे कान. ते नसेल तर दुसरं कसलंही, पण त्याआधी या घरात कुणीतरी खरं बोलायला हवं.

९ मार्च, रविवार

संध्याकाळचे सहा. आठवतंय तोवर लिहिते.

सकाळी दोघं विंचूरला. आईने अ.साठी मांडे केले होते, यावेळी जावईही आला म्हणून खूश. जेवणं झाली. अ. मला म्हणाला, तू जरा बाहेर थांब. मी ओट्यावर बसले. आतून त्याचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. मधे थांबला, नाक ओढल्याचा आवाज. परत बोलला. वीस मिनिटं. डोळे सुजलेले घेऊन बाहेर आला आणि सरळ गाडीकडे गेला. "सांगितलं. सगळं. दहावीपासून."

मी आत धावले. आई भिंतीला टेकून बसलेली. माझा हात घट्ट धरला.

"लय गुनाचा माणूस दिलाय तुला. तुज्यासाठी समदं सोताच्या अंगावर घेतंय. पुरुष असून रडला गं माज्यापुढं. दुसऱ्यानं तुला कवाच सोडलं असतं. त्याला जप."

मी म्हटलं, आई, तो खरं बोलतोय. ती हसली. डोळे पुसत उठली. पाच शनिवार झालेत, भगताने अजून पाच सांगितलेत. त्याच्यासाठी तरी करीनच म्हणाली.

 येताना निफाडला मी त्याला आईचं वाक्य सांगितलं. गाडी बाजूला घेतली त्याने. द्राक्षांच्या बागेशेजारी उभे राहिलो. शेवटी मीच म्हटलं, माझी आई आता एकाच माणसाचं ऐकेल. जिने तुझे गाल बांधले तिचं. तुला तेव्हा काय झालं होतं हे पाहिलेली तीच एक आहे. विहीणबाई खोटं कशाला बोलतील, तेही स्वतःच्या मुलाबद्दल.

 त्याने गाडी सुरू केली.

घरी आलो तर मम्मी मालिका बघत पालक निवडत होत्या. "कशा आहेत विहीणबाई?" मी अ.कडे बघितलं नाही, मुद्दाम. यावेळी मी वेळ देणार नव्हते. तो चपलांसकट आत गेला, टीव्ही बंद केला. "मम्मी, पालक ठेव बाजूला. जरा बस माझ्याजवळ."

मी आत निघून आले. दार लोटलंय, लावलेलं नाही. पाच मिनिटं झाली.  मम्मी विचारतायत, "कंपनीत काही झालं का रे? नोकरीचं काही आहे का?" मग माझ्याबद्दल, "प्रज्ञाला काही बोललास का?"

तो अजूनही गप्प आहे. मी उठून त्याच्या शेजारी जाऊन बसू की इथेच थांबू, मला कळत नाही.